काकांचे फॉरवर्ड : एक प्रॅक्टिकल

पनवेलच्या हॉस्टेलवर घरचं पत्र येत नाही, पण काकांचे फॉरवर्ड रोज येतात. ई-मेलवर आणि व्हॉट्सॲपवरही. 'युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला' हे मला तीनदा आलंय. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलंच नाही!

आधी मी सगळं न वाचता डिलीट करायचो. मग राईनपाड्याबद्दल वाचलं. धुळे जिल्ह्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. पुढे ढकलणाऱ्यांत कुणाचे तरी काकाही असतील, काळजीपोटी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा जाहीर केली. पण अफवेला पाचही पुरतात.

म्हणून माझी पद्धत :

१) सुविचार, देवांचे फोटो : जीमेलमध्ये काकांचा पत्ता आणि विषयात 'Fwd' असं फिल्टर लावून वेगळ्या लेबलखाली. रविवारी बघायचे.

२) औषधं, अपहरण, जात-धर्म : डिलीट नाही. खरं-खोटं तपासायचं.

३) 'रिप्लाय ऑल' कधीच नाही. चारचौघांत चूक काढली की मोठी माणसं ऐकत नाहीत. सरळ फोन करायचा.

फॉरवर्ड थांबलेत असं नाही. पण परवा काकांनीच विचारलं, "हे खरं आहे का रे? मग पाठवतो."