मिश्र मार्शल आर्ट : शारीरिक क्षमता आणि कौशल्य यांचा समतोल

साधने मर्यादित आणि गरजा अनेक असल्या की अग्रक्रम ठरवावे लागतात, हे नियोजनाचे मूलतत्त्व विद्यार्थ्यांना परिचित आहे. खेळाडूच्या बाबतीत ही मर्यादित साधने म्हणजे दिवसातील तास आणि श्रमांनंतर पुन्हा सावरण्याची शरीराची शक्ती. त्यांचा किती वाटा शारीरिक क्षमता वाढविण्यासाठी द्यावा आणि किती वाटा कौशल्य आत्मसात करण्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक खेळात उद्भवतो. मिश्र मार्शल आर्टमध्ये तो अधिक तीव्रतेने जाणवतो. कारण मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग, कुस्ती, ज्यूदो आणि जुजुत्सू या विद्यांचा मेळ येथे एकाच खेळाडूला घालावा लागतो.

भारतात हा खेळ आता केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या रितू फोगट २०१९ मध्ये या खेळाकडे वळल्या. वुशूची पार्श्वभूमी असलेल्या पूजा तोमर यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेतील यूएफसी या व्यावसायिक मालिकेत विजय मिळविला. तेथे लढत जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळाचा समावेश करण्याचा निर्णयही झाला. त्यामुळे गावोगावच्या आखाड्यांतून आणि व्यायामशाळांतून या खेळाकडे वळणाऱ्या मुलामुलींना कोणत्या पद्धतीने शिकवावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दोन लढतींचा धडा

यूएफसीची पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाली. त्या वेळी वजनगट नव्हते आणि नियमही मोजकेच होते. तुलनेने सडपातळ असलेल्या ब्राझीलच्या रॉयस ग्रेसी यांनी एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना नमवून ती स्पर्धा जिंकली. जमिनीवरील पकडीचे त्यांचे ज्ञान प्रतिस्पर्ध्यांपाशी नव्हते. कौशल्याचा अभाव केवळ ताकदीने भरून काढता येत नाही, हे त्या रात्री दिसून आले.

त्यानंतर चार वर्षांनी याच्या उलट बाजूचा प्रत्यय आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये खेळलेले अमेरिकी कुस्तीगीर मार्क कोलमन फेब्रुवारी १९९७ मध्ये यूएफसीचे पहिले हेवीवेट विजेते झाले. जुलैमध्ये त्यांची गाठ किकबॉक्सर मोरिस स्मिथ यांच्याशी पडली. कोलमन अधिक बलवान होते आणि प्रतिस्पर्ध्याला खाली आणण्यातही निष्णात होते. स्मिथ यांनी मात्र खालून बचाव करीत वेळ काढला. कोलमन यांचा दम संपत गेला आणि जादा वेळेसह २१ मिनिटे चाललेली ती लढत त्यांनी पंचांच्या निर्णयावर गमावली. ताकद आणि डाव दोन्ही असूनही दम टिकला नाही, तर त्यांचा उपयोग होत नाही.

पुढे २००० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एकसूत्री नियमांची सुरुवात झाली. आज व्यावसायिक लढती साधारणपणे ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांच्या आणि विजेतेपदाच्या लढती ५ फेऱ्यांच्या असतात. दोन फेऱ्यांमध्ये १ मिनिट विश्रांती मिळते. तुलनेसाठी, आंतरराष्ट्रीय कुस्तीत ३ मिनिटांचे दोन भाग असतात. म्हणजे कुस्तीतून आलेल्या खेळाडूला नव्या विद्या शिकाव्या लागतातच, शिवाय अधिक लांबीच्या लढतीसाठी शरीरही घडवावे लागते.

शरीराची ऊर्जाव्यवस्था

स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या तीन यंत्रणा आहेत. पहिली स्नायूंत साठलेल्या फॉस्फेट संयुगांवर चालते. पूर्ण जोराच्या हालचालीला ती सुमारे १० सेकंद पुरते. दुसरी यंत्रणा प्राणवायूविना शर्करेचे विघटन करते आणि साधारण दोन मिनिटांपर्यंतच्या तीव्र श्रमांत तिचा वाटा मोठा असतो. तिसरी प्राणवायूच्या साहाय्याने चालते. तिचा वेग कमी, पण ती दीर्घकाळ टिकते.

प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांना पट काढून त्याला उचलणे हे पहिल्या यंत्रणेचे काम. जाळीला रेटून धरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी मिनिटभर चालणारी झटापट प्रामुख्याने दुसऱ्या यंत्रणेवर अवलंबून असते. मात्र या झटापटींमधील सावरणे आणि फेऱ्यांमधील १ मिनिटाची विश्रांती सार्थकी लावणे तिसऱ्या यंत्रणेमुळेच शक्य होते. कारण खर्च झालेली फॉस्फेट संयुगे पुन्हा तयार होण्यास प्राणवायू लागतो. म्हणूनच स्फोटक ताकदीच्या या खेळातही दमसासाचा पाया आवश्यक ठरतो.

एकाच वेळी सर्व काही साधत नाही

मग ताकद आणि दम दोन्हींचा भरपूर व्यायाम एकाच वेळी करावा काय? अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला १० आठवड्यांचा प्रयोग या संदर्भात अभ्यासनीय आहे. एका गटाने केवळ ताकदीचे, दुसऱ्याने केवळ दमाचे आणि तिसऱ्याने दोन्ही प्रकारचे व्यायाम केले. तिसऱ्या गटाचा दम वाढला. परंतु त्याची ताकद काही आठवडे वाढून स्थिरावली आणि अखेरच्या टप्प्यात घटू लागली. व्यायामाचे प्रमाण माफक ठेवले आणि दोन सत्रांत काही तासांचे अंतर राखले, तर हा व्यत्यय बराच कमी होतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

कौशल्याच्या बाबतीत थकव्याचा परिणाम आणखी वेगळा असतो. नवा डाव शिकताना पाय कोठे ठेवायचा, वजन कोणत्या क्षणी पुढे न्यायचे, हे मेंदू आणि मज्जासंस्था नोंदवून घेत असतात. थकलेले शरीर चुकीची हालचाल करते आणि वारंवार केलेली चुकीची हालचालच अंगवळणी पडते. यासाठी सत्राची रचना करताना पुढील क्रम पाळणे हितावह ठरते : प्रथम अंग गरम करणे, नंतर नव्या कौशल्याचा सराव, त्यानंतर सरावाच्या लढती आणि शेवटी दमाचा व्यायाम. डाव पक्का झाल्यावर मात्र तो थकलेल्या अवस्थेतही करून पाहावा. कारण प्रत्यक्ष लढतीत शेवटच्या फेरीतही तो साधावा लागतो.

तालमीचा वारसा

आपल्या तालमींची पद्धत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. जोर, बैठका, दोरी चढणे आणि माती खणणे यांतून ताकद व दम घडतो. वस्तादांच्या देखरेखीखाली होणाऱ्या सरावाच्या कुस्त्यांतून डाव पक्के होतात. मातीत लढल्याने पकड मजबूत होते आणि मिश्र मार्शल आर्टमध्ये एकेरी व दुहेरी पट यांचे महत्त्व मोठे आहे. म्हणजे हा वारसा नव्या खेळालाही उपयोगी आहे.

त्याच्या मर्यादाही इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. कराडजवळच्या गोळेश्वर येथील खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीऐवजी मॅटवर आणि अपरिचित नियमांनुसार लढले व सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न मिळता लगेच पुढील कुस्तीस उभे राहावे लागले. नियमानुसार मिळावयाच्या विश्रांतीचा आग्रह धरण्यासाठी भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. सावरण्यासाठी मिळणारा वेळ हा खेळाडूच्या तयारीचाच भाग होय, हे या प्रसंगावरून ध्यानात येते.

भार मोजण्याची सोपी रीत

प्रशिक्षणाचा भार मोजण्यासाठी महागडी उपकरणे लागतातच असे नाही. क्रीडावैज्ञानिक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सत्र संपल्यावर खेळाडूला ते किती कठीण वाटले, ते ० ते १० या मापात विचारतात. त्या अंकास सत्राच्या मिनिटांनी गुणले की भार मिळतो.

उदाहरणादाखल एका तरुण खेळाडूचा आठवडा पाहू. कौशल्याची ६० मिनिटांची ५ सत्रे, कठीणता ४ : भार १,२००. सरावाच्या लढतींची ४५ मिनिटांची २ सत्रे, कठीणता ८ : भार ७२०. ताकदीची ५० मिनिटांची २ सत्रे, कठीणता ६ : भार ६००. दमाचे ३० मिनिटांचे १ सत्र, कठीणता ८ : भार २४०. एकूण वेळ ५२० मिनिटे आणि एकूण भार २,७६०. येथे सरावाच्या लढतींना केवळ १७ टक्के वेळ दिला आहे, परंतु भारातील त्यांचा वाटा २६ टक्के आहे. उलट कौशल्याला ५८ टक्के वेळ मिळूनही त्याचा भार ४३ टक्केच आहे.

आता प्रशिक्षकाने उत्साहाच्या भरात ४० मिनिटांची, ८ कठीणतेची टेकडीवरील धाव आठवड्यातून दोनदा वाढविली, तर भार ६४० ने, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. वेळापत्रकात ही वाढ किरकोळ भासते. शरीराला मात्र ती भासत नाही. झोप बिघडणे, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे, चिडचिड होणे आणि येत असलेला डाव चुकू लागणे ही अतिश्रमाची लक्षणे आहेत. अशा वेळी व्यायाम वाढविणे नव्हे, तर कमी करणे हाच उपाय असतो.

वर्षाचे टप्पे

सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात वर्षाचे टप्पे पाडून प्रशिक्षण आखण्याचा विचार पद्धतशीरपणे मांडला. त्यानुसार लढत दूर असताना ताकद व दमसासाचा पाया घालावा आणि नवी कौशल्ये शिकावीत. लढत जवळ येताच नवे शिकणे थांबवून पक्क्या डावांचा लढतीच्या वेगाने सराव करावा. व्यायामाचे स्वरूपही ५ मिनिटे श्रम व १ मिनिट विश्रांती असे लढतीसारखे ठेवावे. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत एकूण प्रमाण घटवावे.

वाटपाचे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते. रितू फोगट यांनी कुस्तीच्या बळावर २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियाई मालिकेतील महिला स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तेथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्स यांनी हाताच्या सांध्याच्या पकडीने त्यांना हार पत्करावयास लावले. कुस्तीतून येणाऱ्या खेळाडूचा दम व ताकद बहुधा तयार असते. त्याच्या वेळेचा मोठा वाटा प्रहार आणि जमिनीवरील बचाव यांना मिळावयास हवा. उलट जो प्रहारात कुशल पण शरीराने कच्चा आहे, त्याने प्रथम ताकदीकडे लक्ष द्यावे. उणीव ओळखून वाटप करणे, हेच समतोलाचे सूत्र होय.

वजन घटविण्याचे संकट

हा समतोल सर्वाधिक बिघडतो तो वजनगटाच्या हट्टामुळे. १९९७ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर घाम गाळून झपाट्याने वजन घटविताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन स्पर्धांत रबरी पोशाखावर बंदी आली आणि वजन घेण्याची वेळ लढतीच्या जवळ आणण्यात आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगट दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम अधिक भरल्याने अपात्र ठरल्या.

याच्या उलट मार्गही आहे. कमी वजनगटांत जागतिक विजेतेपदे मिळविलेल्या मणिपूरच्या मेरी कोम यांना २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ५१ किलोपेक्षा लहान गट उपलब्ध नव्हता. वरच्या गटात मोठ्या चणीच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढून त्यांनी कांस्यपदक मिळविले. वाढत्या वयातील मुलांबाबत तर वजन घटविण्याचा विचारही करू नये. पाणी तोडलेले शरीर दम गमावते आणि शिकण्याची क्षमताही गमावते.

धोरणात्मक विचार

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील (नोंद ३३) विषय आहे. तथापि प्रशिक्षणाच्या क्षेत्रात केंद्र शासनाने महत्त्वाच्या संस्था उभारल्या. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये, तर भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ मध्ये स्थापन झाले. २०१४ मध्ये ऑलिम्पिक पदकांचे उद्दिष्ट ठेवणारी 'टॉप्स' योजना आली आणि २०१८ मध्ये खेलो इंडिया शालेय स्पर्धांना प्रारंभ झाला.

या प्रयत्नांमुळे मैदाने, मॅट आणि शिष्यवृत्त्या काही प्रमाणात उपलब्ध झाल्या. यापुढील गरज आहे ती गावपातळीवरील प्रशिक्षकाला भार मोजण्याचे, विश्रांती आखण्याचे आणि धोक्याची लक्षणे ओळखण्याचे ज्ञान देण्याची. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि खेळाडूला रोज विचारलेला एक प्रश्न एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पंधराव्या वर्षी गुडघा किंवा खांदा गमावलेले मूल कोणत्याही पदकतालिकेत दिसत नाही. अशा मुलांची संख्या घटविणे, हे क्रीडा विकासाचे पदकांइतकेच महत्त्वाचे उद्दिष्ट मानले पाहिजे.