रोजच्या आहारात सुपाच्य प्रथिनपीठ

धान्याची मुबलकता आणि पोषणाची पूर्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. कणगी भरलेली असूनही घरातील मूल अशक्त राहू शकते, आणि दोन वेळा पोटभर भाकरी खाणाऱ्या गर्भवतीच्या आहारातही प्रथिनांची उणीव असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. या स्थितीला अनेक कारणे आहेत. आहारातील प्रथिनांचे प्रमाण व त्यांचा दर्जा हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होय.

अलीकडे शहरांत व मोठ्या गावांत डब्यांतून मिळणाऱ्या प्रथिनपुडीचा प्रसार वाढला आहे. ती महाग असते आणि काहींच्या पोटाला मानवतही नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी अशा पूरक पुडी घेणे टाळावे, असे सुचविले आहे. मग सर्वसामान्य कुटुंबाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. येसर, मेतकूट, सातूचे पीठ आणि हुलग्याचे पीठ ही सर्व वस्तुतः प्रथिनपीठेच होत. त्यांमागील शास्त्र समजून घेतले, तर ती रोजच्या आहारात अधिक परिणामकारक रीतीने वापरता येतात.

मराठवाड्याचा अनुभव

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचे नाव राज्याच्या पोषण चळवळीशी जोडलेले आहे. तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये मराठवाड्यात बालकुपोषणाविरुद्ध विशेष मोहीम हाती घेण्यात आली. तिच्या अनुभवातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय प्रारंभी औरंगाबाद येथेच होते. गर्भधारणेपासून बालकाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या एक हजार दिवसांवर या मिशनने पुढे भर दिला. राज्यातील दोन वर्षांखालील बालकांमधील खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते. २०१२ च्या सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले. प्रयत्न केल्यास चित्र बदलते, हा त्यातील बोध आहे.

पिठाच्या रूपाने पोषण पुरविण्याची कल्पनाही या भागास नवी नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. त्याही पूर्वी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तीन भाग शेंगदाणा पेंडीचे पीठ व एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ यांत जीवनसत्त्वे व चुना मिसळून ‘भारतीय बहुद्देशीय अन्न’ तयार केले होते. दुधाशिवाय, देशी धान्यातून उत्तम प्रथिने मिळू शकतात, हे त्याने सिद्ध केले.

गरज किती आणि मिळते किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम व ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत यात २२ ग्रॅमची भर पडते.

आता धान्यांकडे पाहू. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११.६ ग्रॅम, ज्वारीत १०.४ ग्रॅम आणि तांदळात ६.८ ग्रॅम प्रथिने असतात. हेच प्रमाण तूरडाळीत २२.३, मुगात २४, मटकीत २३.६, फुटाण्यात २२.५ आणि सोयाबीनमध्ये ४३ ग्रॅम आहे. मात्र प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही. तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी आणि वरण, खिचडी, थालीपिठाची भाजणी यांमागील शहाणपण हेच आहे.

कृषी संशोधनानेही या कामी हातभार लावला आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त अधिक असून प्रथिनांचे प्रमाणही सुमारे १२ टक्के आहे. याच विद्यापीठाच्या ‘ए.एच.बी. १२००’ या बाजरीच्या संकरित वाणात प्रतिकिलो सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह असते.

पोटाला मानवणे म्हणजे काय?

डाळी व कडधान्ये खाल्ल्यावर पोट फुगते, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. याचे कारण त्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा होत. त्या पचविणारे विकर मानवी लहान आतड्यात नसते. परिणामी त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्यांचे किण्वन करतात व वायू निर्माण होतो. कच्च्या कडधान्यांत, विशेषतः सोयाबीनमध्ये, प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटकही असतात. शिवाय धान्यांच्या सालीत असलेले फायटिक आम्ल लोह व जस्त धरून ठेवते. घरगुती प्रक्रियांनी हे तिन्ही दोष बऱ्याच अंशी कमी होतात.

भिजविणे : रात्रभर भिजवून पाणी टाकून दिल्यास वायुकारक शर्करांचा काही अंश निघून जातो.

मोड आणणे : मोड येताना बीज स्वतःच या शर्करा वापरू लागते. फायटिक आम्लाचे विघटन होऊन लोह व जस्त शरीरास अधिक उपलब्ध होतात.

भाजणे व शिजविणे : उष्णतेने पचनरोधक घटक निष्प्रभ होतात, पीठ खमंग होते व अधिक दिवस टिकते.

आंबविणे : ताकातील दुग्धाम्ल जिवाणू पिठातील काही घटक आधीच विघटित करून ठेवतात. दुधाने पोट बिघडणाऱ्यांनाही आंबट ताक बहुधा सोसते, कारण त्यातील दुग्धशर्करा कमी झालेली असते.

एक किलो पीठ तयार करण्याची रीत

साल काढलेले फुटाणे ४०० ग्रॅम, मोड आणून वाळविलेले मूग ३०० ग्रॅम, गहू २०० ग्रॅम व तीळ १०० ग्रॅम असे प्रमाण घ्यावे. मूग आठ ते दहा तास भिजवून पाणी टाकून द्यावे व स्वच्छ ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. बारीक मोड दिसताच कडक उन्हात पूर्ण वाळवावेत, हाताने चोळून मोड झाडून टाकावेत व मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावेत. गहू वेगळे भाजावेत. फुटाणे, मूग व गहू एकत्र दळावेत. तीळ तेलकट असल्याने गिरणीत घालू नयेत. भाजून, कुटून नंतर मिसळावेत.

या मिश्रणाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ३० ग्रॅम पिठातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. तिळामुळे पीठ खवट होण्याचा संभव असल्याने एका वेळी दोन-तीन आठवडे पुरेल इतकेच करावे व घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे.

सोयाबीन वापरावयाचे असल्यास ते उकळत्या पाण्यात २० ते ३० मिनिटे शिजवून, वाळवून व भाजूनच दळावे. नऊ भाग इतर पिठास एक भाग सोयाबीन पीठ पुरेसे होते. भुईमुगाचा एकही बुरशी लागलेला अथवा कडवट दाणा पिठात जाता कामा नये; त्या बुरशीचे विष यकृतास घातक असते. ज्वारीला मात्र घरी मोड आणू नयेत. तिच्या कोंबांत विषारी सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते.

नित्याच्या पदार्थांत उपयोग

नवा पदार्थ शिकविण्यापेक्षा नित्याच्या पदार्थात भर घालणे अधिक सोपे व टिकाऊ असते.

धपाटे व थालीपीठ : तीन भाग ज्वारीच्या पिठात एक भाग प्रथिनपीठ, चिरलेली मेथी किंवा कांदा, ओवा व दही घालून मळावे. प्रवासात व शाळेच्या डब्यात हे चांगले टिकतात.

भाकरी : चार भाग बाजरीच्या पिठात एक भाग हे पीठ मिसळून गरम पाण्याने मळावे. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून ११.६ ऐवजी सुमारे १३.४ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही वाढ अल्प वाटली, तरी लायसिनची उणीव भरून निघाल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

येसराची आमटी : लग्नकार्यात मानाचे स्थान असलेली ही आमटी आठवड्यातून दोनदा तरी करावी. भाजलेल्या धान्य-डाळींच्या येसरात दोन चमचे प्रथिनपीठ मिसळून, पाण्यात कालवून, फोडणीच्या पाण्यात उकळावे.

आंबील : ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजविताना माणशी दोन चमचे प्रथिनपीठ घालावे. लसूण, जिरे व मीठ पुरेसे होते. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्यांस ही न्याहारी विशेष मानवते.

माडगे व शेंगोळे : हुलग्याच्या पिठात एकचतुर्थांश हे पीठ घातल्यास चव बिघडत नाही.

लाडू : पिठात गूळ व थोडे तूप घालून लाडू वळावेत. गर्भवती व स्तनदा मातांना रोज दोन लाडू देता येतात.

मेतकुटाप्रमाणे : मऊ भातावर मीठ, हिंग व तूप यांसह एक चमचा पीठ घालावे. आजारातून उठलेल्या व्यक्तीस व वृद्धांस हे हलके वाटते.

या पदार्थांसोबत लिंबू, आवळा किंवा हिरवी मिरची असल्यास लोहाचे शोषण वाढते. ज्यांना सवय नाही त्यांनी दररोज एका चमच्याने प्रारंभ करून आठवडाभरात प्रमाण वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

बालकाची वाटी

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बालकास केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतरच्या पूरक आहारात एक मोठी अडचण असते. बालकाचे पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, आणि पाणी घालून पातळ केलेल्या पेजेत सत्त्व उरत नाही. पोट भरते, पण पोषण होत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर केलेले कार्य उल्लेखनीय आहे. गव्हाला मोड आणून, वाळवून, अगदी हलके भाजून केलेल्या पिठात पिष्ट पातळ करणारे विकर असते. शिजवून उतरविलेल्या घट्ट पेजेत या पिठाचा एक छोटा चमचा घालून ढवळल्यास ती काही मिनिटांत पातळ होते. सत्त्व तेवढेच राहते आणि बालक अधिक खाऊ शकते. पातळ झाल्यावर पेज पुन्हा एक उकळी आणून कोमट करून भरवावी. हे पीठ खरपूस भाजू नये, कारण तीव्र उष्णतेने विकर नष्ट होते. म्हणून ते वरील प्रथिनपिठापासून वेगळे ठेवावे.

गावपातळीवरील कार्य

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज गावोगावी अंगणवाडी आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी १२ ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गांसाठी २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. परंतु शासनाचा आहार हा पूरक आहार होय. उरलेली गरज घरच्या ताटातूनच भागली पाहिजे. म्हणून योजनेइतकेच लोकशिक्षणही महत्त्वाचे ठरते.

शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. घट्ट पेजेच्या दोन वाट्या घ्याव्यात, एकीत मोडाच्या गव्हाचे पीठ घालावे आणि दोन्हींची तुलना करावी. मुले ही गोष्ट घरी सांगतात आणि मातांपर्यंत माहिती पोहोचते. अंगणवाडी सेविकांनी माता-बैठकीत पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवावेत. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणाकरिता राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीतून प्रात्यक्षिके, वजनकाटा किंवा बचत गटासाठी भाजणीची साधने यांचा विचार करावा. बचत गटास पीठ विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घेणे आवश्यक आहे.

हरभरा, मूग, तूर व बाजरी ही या जिल्ह्याच्या शेतातीलच पिके आहेत. पीक बाजारात जाण्यापूर्वी त्याचा काही वाटा घरच्या डब्यासाठी राखून ठेवणे, तो भिजवून, मोड आणून, भाजून दळणे आणि घरातील गर्भवतीच्या व लहान मुलाच्या ताटात प्रथम वाढणे, एवढे प्रत्येक कुटुंबास शक्य आहे. गावाच्या पोषणाचा खरा पाया तेथेच घातला जातो.