ट्युनिशिया : एक परिचय

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल, सिंह-हत्ती आणि वाळवंट एवढेच उभे राहते. परंतु ‘आफ्रिका’ हे नाव मुळात ज्या भूभागाचे होते, तो भूभाग म्हणजे प्रामुख्याने आजचा ट्युनिशिया होय. रोमन लोकांनी तेथील आपल्या प्रांताला हे नाव दिले, अरबांनी त्याचे ‘इफ्रिकिया’ केले आणि कालांतराने ते सबंध खंडालाच लागले. या देशाने १८४६ साली, म्हणजे अमेरिकेच्या एकोणीस वर्षे आधी, गुलामगिरी कायद्याने बंद केली. केवळ एवढ्या एका गोष्टीसाठीही त्याचा अभ्यास व्हावा असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांनी नकाशा समोर घ्यावा. पश्चिमेस अल्जेरिया, आग्नेयेस लिबिया, उत्तरेस व पूर्वेस भूमध्य समुद्र. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित अधिक. लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २० लाख. सर्वांत उंच शिखर जबल शांबी १५४४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही कमी. उत्तरेस पाऊस बरा पडतो, मेजेर्दा ही बारमाही नदी वाहते व गहू पिकतो. मध्यभागी व पूर्व किनाऱ्यावर मैलोगणती ऑलिव्हच्या बागा आहेत. दक्षिणेस ‘शत अल-जरीद’ हे प्रचंड मिठाचे सरोवर, त्याच्या कडेने खजुराची मरुद्याने आणि पुढे सहारा.

गाफ्सा भागात फॉस्फेटच्या खाणी आहेत. येथील फॉस्फरिक आम्ल रासायनिक खतांसाठी भारतातही येते, हे आपल्या शेतकरी बांधवांना ठाऊक नसते. भारताशी आणखी एक नाते रक्ताचे आहे. १९४३ साली दुसऱ्या महायुद्धात चौथी भारतीय डिव्हिजन ट्युनिशियाच्या डोंगरांत लढली आणि आपले अनेक जवान तेथील मातीतच राहिले.

इतिहासाकडे वळू. फिनिशियन व्यापाऱ्यांनी परंपरेनुसार इ. स. पूर्व ८१४ मध्ये कार्थेज नगर वसविले. त्याचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून रोमवर चालून गेला, हे सर्वांनी वाचलेले असते. अखेर इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जाळले. त्या जमिनीवर मीठ पेरले असे सांगतात, परंतु कोणाही प्राचीन लेखकाने तसे लिहिलेले नाही. मात्र कार्थेजच्या मागो नामक विद्वानाचा शेतीवरील ग्रंथ रोमच्या सिनेटने मुद्दाम लॅटिनमध्ये भाषांतरित करवून घेतला. शहर नको होते, विद्या हवी होती! रोमन, व्हँडाल व बायझंटाईन राजवटींनंतर अरब आले. ६७० मध्ये कैरुआन नगर वसले. १३३२ साली ट्युनिस येथे जन्मलेल्या इब्न खल्दूनने राज्ये का उदयास येतात व का लयास जातात याची कारणे समाजाच्या जडणघडणीत शोधली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याचा ‘मुकद्दिमा’ अवश्य वाचावा. १५७४ पासून तेथे तुर्कांची सत्ता आली व पुढे ‘बे’ ही पदवी लावणारे राज्यकर्ते झाले.

यांपैकी अहमद बे (कारकीर्द १८३७ ते १८५५) विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याची आई सार्डिनियाजवळच्या एका बेटावरून पकडून आणलेली स्त्री होती. त्याने पाऊल एकदम टाकले नाही. १८४१ मध्ये गुलामांचा बाजार बंद केला. पुढे गुलाम आईबापांच्या पोटी जन्मणारे मूल स्वतंत्र ठरविले. आणि २३ जानेवारी १८४६ रोजी गुलामगिरीच रद्द केली. ब्रिटिश वकिलातीचे दडपण होतेच, पण धर्मपंडितांपुढे त्याने धर्माच्याच भाषेत युक्तिवाद मांडला: गुलामांचा छळ होतो आहे आणि त्यांना गुलाम करणे मुळात रीतसर होते की नाही याचीच शंका आहे. तरीही प्रथा चोरून चालूच राहिली व १८९० मध्ये पुन्हा हुकूम काढावा लागला. कायदा झाला तरी नाव सुटले नाही. जेर्बा बेटावरील काही कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आडनावात ‘अतीग’, म्हणजे ‘अमक्याने मुक्त केलेला’, हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कागदोपत्री राहिला. २०२० साली न्यायालयाने एका ८१ वर्षांच्या गृहस्थाला तो शब्द आडनावातून काढण्याची परवानगी दिली. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर आयुष्यभर तो शब्द लिहावा लागणे म्हणजे काय, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१८ मध्ये वंशभेद हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला. परंतु २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्याच एका वक्तव्यानंतर सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, हेही नमूद केले पाहिजे.

अहमद बे आणि त्याच्या वारसांनी खर्च मात्र बेसुमार केला. परदेशी कर्जे चढत गेली, १८६९ मध्ये वसुलीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग बसला आणि १८८१ मध्ये फ्रान्सने देश ताब्यात घेतला. आम्ही बँकेत नोकरी करतो. थकबाकीदाराच्या दारावर जप्ती येते हे पाहिलेले आहे, पण येथे अख्ख्या देशावर जप्ती आली.

फ्रेंच अमलात एक तरुण पुढे आला: ताहेर हद्दाद. जैतुना या जुन्या धर्मपीठात शिकलेला, कामगार चळवळीतला. स्त्रियांचे हक्क धर्मास धरूनच आहेत असे प्रतिपादन करणारे पुस्तक त्याने १९३० मध्ये लिहिले. त्याच धर्मपीठाने त्याचा निषेध केला व पदवी काढून घेतली. १९३५ मध्ये क्षयाने, जवळजवळ एकाकी अवस्थेत, तो वारला. २० मार्च १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला आणि हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने अवघ्या पाच महिन्यांत, १३ ऑगस्टला, बहुपत्नीत्व बंद करणारा व तलाक न्यायालयाच्या हाती देणारा कायदा केला. हद्दादचे म्हणणे असे एकवीस वर्षे उशिरा पोचले. वारसा हक्कात मात्र मुलीचा वाटा अजूनही मुलाच्या निम्माच आहे; तो समान करण्याचा २०१८ चा प्रस्ताव तसाच राहिला.

बुर्गिबा व नंतर बेन अली यांची राजवट एकहाती होती. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद येथे मोहम्मद बुअझिझी या फळभाजी विक्रेत्याने, त्याची विक्री व तराजू जप्त झाल्यावर, स्वतःस पेटवून घेतले. महिन्याभरात बेन अली देश सोडून पळाले. २०१४ मध्ये नवी राज्यघटना झाली. चर्चेतून मार्ग काढणाऱ्या चार संघटनांना २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्यांत कामगार संघटनाही होती. परंतु २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली आणि २०२२ मध्ये सारे अधिकार आपल्याकडे ओढणारी घटना आणली. अनेक विरोधक तुरुंगात गेले.

लोकांची भाषा अरबी. शाळा-कचेऱ्यांत फ्रेंचही चालते. अमाझिग ही मूळ रहिवाशांची भाषा दक्षिणेतील मोजक्या गावांत उरली आहे. जेवणात कुसकुस आणि ‘हरिसा’: लाल मिरची, लसूण व ऑलिव्ह तेल यांचे वाटण, आपल्या ठेच्याचे भावंडच. चलन दिनार असून त्याचे शंभर नव्हे, हजार भाग पडतात. संगीतात ‘स्तंबेली’ हा प्रकार मुद्दाम ऐकावा. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तो सहारापलीकडून आणला. लोखंडी टाळ आणि तीन तारांच्या ‘गुंब्री’वर तो रात्र-रात्र चालतो, आणि त्यातील कित्येक शब्दांचा अर्थ आता गाणाऱ्यांनाही लागत नाही.