गाडीच्या दिव्याचा बल्ब

गावातली भाजीची गाडी पहाटे अंधारात बाजाराला निघते. एके दिवशी तिचा एक दिवा गेला होता. समोरच्याला वाटले, मोटारसायकलच आली! तो रस्त्याच्या मधूनच आला. थोडक्यात वाचला.

म्हणून दिवा गेला की त्याच दिवशी बल्ब आणावा. आधी फ्यूज पाहावा. दोन्ही दिवे एकदम गेले असतील, तर दोष बहुधा बल्बचा नसतो.

जुना बल्ब फडक्यात गुंडाळून दुकानात न्यावा. त्यावर बारीक अक्षरे असतात. ती इंग्रजी असतात. पण आकडे नोटेवरच्यासारखेच. पुष्कळ गाड्यांत ‘एच ४’ जातीचा, मागे तीन पिना असलेला बल्ब असतो. त्यावर १२ आणि ६०/५५ असे लिहिलेले असते. १२ हे व्होल्ट. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा बल्ब लागतो. १२ चा बल्ब तिथे लावला, तर लगेच जळेल. ६०/५५ हे वॅट. एकाच बल्बात दोन तारा असतात. ६० ची लांबच्या उजेडाला, ५५ ची जवळच्या.

दुकानदार म्हणेल, “मालक, १०० वॅटचा न्या. दिवसासारखं दिसेल!” घेऊ नका. जादा विजेने वायर तापते, होल्डर वितळतो. आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अशाच एका उजेडाने मी सायकलसकट ओढ्यात गेलो आहे. बैलगाडीवाल्याची काय गत होईल? नुसता एलईडी बल्ब आणून जुन्या दिव्यात बसवला, तरी तेच. आतला आरसा तारेच्या बल्बासाठी घडवलेला असतो. उजेड भलतीकडे फाकतो.

बल्ब जोडीने घ्यावेत. एक गेला की दुसराही म्हातारा झालेला असतो.

आता बसवण्याचे. दिवा बंद करून जुना बल्ब निवू द्यावा. नव्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचे तेल काचेला लागते. काच फार तापते, त्या डागाने बल्ब लवकर जातो. बोट लागलेच, तर स्पिरिटने पुसावे. बल्बच्या कड्याचे तीन कान खाचांत नीट बसले पाहिजेत. तिरपा बसला तर उजेड आभाळात!

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करावी. जवळचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा खाली पडतो का, ते पाहावे. जुन्यातला चालू बल्ब खोक्यात घालून गाडीतच ठेवावा.