पुस्तकाची आवृत्ती बदलली, अभ्यास वाया गेला का?

“नवीन आवृत्ती आली म्हणतात. पोराने सगळा अभ्यास जुन्या पुस्तकातून केला, फीसुद्धा भरली. आता पैसे पाण्यात गेले का?” फिटनेस ट्रेनरच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. मलकापुरात ही धास्ती जरा जास्तच असते. चांगले क्लास मोठ्या शहरांत, पुस्तक कुणा मोठ्या मुलाकडून घेतलेले आणि बदलाची बातमी व्हॉट्सॲपवरून आलेली.

उत्तर आधीच सांगतो. अभ्यास वाया गेलेला नाही. मात्र काय बदलले, का बदलले आणि आपली परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे, या तीन गोष्टी समजून घेतल्याशिवाय परीक्षेला बसू नका.

नेमके काय बदलते?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, म्हणजे एसीएसएम, ही संस्था व्यायाम-चाचणी आणि व्यायाम-नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे पुस्तकरूपाने काढते. पहिली आवृत्ती 1975 ची, अकरावी 2021 ची आणि बारावी 2025 ची. एवढ्या आवृत्त्या निघाल्या, तरी स्नायू, सांधे, हृदयाचे काम, शरीराला ऊर्जा कशी मिळते हा पाया तोच राहिला. बदलतात ते निकष, आकडे आणि कृतीचा क्रम. नेमके त्यावरच प्रश्न येतात.

इतर संस्थांच्या नियमांतलीही तीन उदाहरणे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सांगितले होते की व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असेल तरच तो धरावा. 2020 मध्ये ही अट गेली. आता थोडा थोडा केलेला व्यायामही मोजला जातो आणि प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायचा प्रथमोपचार, देताना आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब असा क्रम होता. 2010 पासून छातीवर दाब आधी आला. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी 2017 मध्ये उच्च रक्तदाबाची रेषा 140/90 वरून 130/80 वर आणली. जुन्या नोट्स घोकणारा विद्यार्थी अशा ठिकाणी हुकतो.

कारण समजले की पाठांतर हलके होते

एक प्रश्न सोडवून पाहू. पन्नाशीचे एक दुकानदार जिममध्ये येतात. विडी ओढतात, दिवसभर गल्ल्यावर बसून असतात, वडिलांना 52 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. स्वतःला कोणताही आजार नाही, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे काही लक्षणही नाही. त्यांना व्यायामाआधी डॉक्टरांकडे पाठवायचे का?

जुन्या पद्धतीत जोखमीचे घटक मोजायचे. वय, धूम्रपान, घराण्यातील इतिहास, बैठे काम अशी बेरीज झाली की जोरकस व्यायामाआधी वैद्यकीय तपासणी. एसीएसएमने 2015 मध्ये ही बेरीज बाजूला ठेवली. आता तीनच गोष्टी विचारायच्या: सध्या नियमित व्यायाम करता का? हृदय, चयापचय किंवा मूत्रपिंडाचा आजार अथवा त्याची लक्षणे आहेत का? किती तीव्रतेचा व्यायाम करायचा आहे? त्यामुळे या दुकानदारांना आधी डॉक्टरांची परवानगी लागत नाही. हलक्या ते मध्यम व्यायामाने सुरुवात करून हळूहळू वाढवायचे. पण त्यांना मधुमेह असता, तर एवढ्या सुरुवातीलाही आधी डॉक्टरांचा सल्ला लागला असता.

हा बदल का झाला? जुन्या यादीमुळे कित्येकांना विनाकारण डॉक्टरांकडे जावे लागे आणि व्यायामाची सुरुवातच लांबणीवर पडे. हे कारण कळले की प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर चुकत नाही.

तयारी अशी करा

- परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या परीक्षेच्या तारखेला कोणती आवृत्ती लागू आहे ते बघा. पुस्तक बाजारात आले म्हणजे त्याच दिवशी परीक्षा बदलते असे नाही.
- परीक्षेचा आराखडा छापून भिंतीवर लावा. कोणत्या विषयाला किती महत्त्व आहे ते त्यात दिलेले असते.
- वहीचे तीन रकाने करा: जुना नियम, नवा नियम, कारण. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजी संज्ञेचा अर्थ शेजारी आपल्या शब्दांत लिहावा.
- सराव प्रश्नसंच घेताना तो कोणत्या साली काढला ते तपासा.
- सीपीआरचे प्रात्यक्षिकासह प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. ऐन वेळी त्यासाठी शहर गाठावे लागते.

भारतातील कौशल्य परिषदेचा ‘फिटनेस ट्रेनर’ अभ्यासक्रम निवडला असेल, तर त्याच्या दस्तऐवजावर आवृत्तीचा क्रमांक आणि पुढील फेरआढाव्याची तारीख छापलेली असते. प्रवेशाआधी ती वाचा.

पालकांशी दोन शब्द

व्यायामाचे शास्त्र शिकवण्याची परंपरा आपल्या विदर्भात जुनी आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकार दाखवले होते. मलकापूरहून रेल्वेने बडनेऱ्याला उतरले की अमरावती जवळच. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर तिथल्यासारख्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून पदवीनंतरचे दोन वर्षांचे बी.पी.एड. करावे. जिममध्ये प्रशिक्षक व्हायचे असेल तर ट्रेनरचे प्रमाणपत्र. हे दोन रस्ते वेगळे आहेत. मुलाला कुठे जायचे आहे ते आधी विचारा, मग फी भरा.

नुसत्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावर भुलू नका. प्रमाणपत्राला एनसीव्हीईटी (भारतातील व्यावसायिक शिक्षणाची नियामक संस्था) किंवा एनसीसीए (प्रमाणपत्रांना मान्यता देणारी अमेरिकेतील संस्था) यांची मान्यता आहे का, ते विचारा आणि स्वतः पडताळून बघा.

शिवाय एक खूणगाठ बांधा: हे शिक्षण एका परीक्षेने संपत नाही. एसीई आणि एनएएसएम या अमेरिकेतील संस्थांचे ट्रेनर-प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी, एसीएसएमचे दर तीन वर्षांनी नवे करावे लागते, आणि त्यासाठी ठरावीक तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. त्याचा खर्च आजच हिशेबात धरा. उद्या आपल्याच गावातला एखादा मधुमेही माणूस तुमच्या मुलीवर भरवसा ठेवून व्यायामाला येईल. कालची माहिती त्याला धोक्यात घालू शकते. म्हणून नवी आवृत्ती आली की कुरकुरू नका. ती विकत घेऊन द्या.