चिकटपणा गेलेला डायमंड पेंटिंगचा कॅनव्हास

प्रश्न : वर्षभर गुंडाळून ठेवलेला डायमंड पेंटिंगचा कॅनव्हास उघडला, तर खडे चिकटतच नाहीत. काय करावे? (एक वाचक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : बहुतेक वेळा गोंद संपलेला नसतो, झाकलेला असतो. कळंबच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ, डोक्यावरचा पंखा, तळहाताचा घाम, कापडाचे तंतू यांचा थर त्यावर बसतो. टाल्कम पावडर लावलेला हात टेकला तरी तेच होते. कॅनव्हासच्या कडा चिकट राहू नयेत म्हणून हौशी मंडळी मुद्दाम पावडरच लावतात!

आधी चिकटपट्टीने केस-तंतू उचलावेत. मग अल्कोहोल नसलेला, लहान बाळांचा ओला वाइप हलकेच फिरवून जागा पूर्ण वाळू द्यावी. ओली असताना ती निसरडीच लागते, वाळल्यावर पकड परत येते. अल्कोहोल किंवा सॅनिटायझर मात्र नको, गोंद आणि खालची छापील चिन्हे दोन्ही बिघडतात.

तरीही कोरडेच राहिले, तर पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ लावावा, तोही दोन-तीन बोटे रुंद पट्ट्यात. फेविकॉलसारखा गोंद वाळून कडक होतो, चिकट राहत नाही. म्हणून ओला असतानाच खडे बसवावेत. चौकोनी खडा साधारण 2.5 मिलिमीटरचा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये सोळा. मोठा पट्टा घेतला तर हात पोहोचेपर्यंत गोंद वाळतो.

सुरकुतीवर नुसता गोंद ओतू नये. तिथे पातळ दुहेरी चिकटपट्टी बरी.

काम थांबवताना उघडा भाग बेकिंगच्या कागदाने झाकावा आणि गुंडाळताना खड्यांची बाजू बाहेर ठेवावी.