उसवलेल्या शालीबद्दल

पुणे

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. जाळीची शाल तिसऱ्यांदा उसवलीस आणि एक मोजा पुरा होऊन दोन महिने जोडीदाराविना पडून आहे, हे कळलं. ‘मावशी, माझी काही प्रगतीच होत नाही,’ हे तुझं शेवटचं वाक्य मात्र मला दोन दिवस सोडेना. म्हणून आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

तू प्रगती मोजतेस ती पुऱ्या झालेल्या वस्तूंवरून. तुझी आजी ती निराळ्या तऱ्हेने मोजायची. माझ्या हातात सुया दिल्यावर कितीतरी महिने तिने मला टोपडंसुद्धा पुरं करू दिलं नाही. वीतभर पट्टी विणायची आणि तिच्यापुढे धरायची. ती मधेच कुठेतरी बोट ठेवायची आणि विचारायची, ‘हा टाका कसा आला, सांग.’ सुलट की उलट, दोनांचा एक केलेला की न विणताच उचललेला, हे विणीकडे बघून सांगायचं. चुकले की पट्टी उसवायची आणि पुन्हा. मला तेव्हा रडू यायचं. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणणाऱ्या कॉलेजच्या मुलींत आजी होती. पुढे म्हातारपणी, दिवे गेलेले असताना ती अंधारात मोज्याची टाच वळवताना मी पाहिली आहे. बोटांनी टाके चाचपायची आणि पुढे जायची. तिला कागद लागत नव्हता, कारण काय झालंय ते वीणच तिला सांगत होती.

तू मात्र अजून फक्त कागद वाचतेस. आराखड्यातल्या चौकटी एकेक करून खोडतेस आणि सुईवर काय घडतंय तिकडे बघतच नाहीस. म्हणून ओळीच्या शेवटी एक टाका कमी भरला की घाबरतेस आणि सगळंच उसवतेस. अगं, जाळीचा हिशेब सावकाराच्या वहीइतका चोख असतो. धागा पुढे घेऊन एक भोक केलंस की एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणलेस की एक कमी होतो. जमा आणि खर्च बरोबरीत. एक टाका कमी आला तर बहुधा कुठेतरी धागा पुढे घ्यायचा राहिला आहे. मग मागच्या ओळीकडे बघ, नक्षीतलं कुठलं भोक गायब आहे ते शोध, आणि तिथे दोन टाक्यांच्या मधली आडवी दोरी सुईवर उचलून घे. झालं. त्या एका टाक्यासाठी चाळीस ओळी उसवायचं कारण नव्हतं. नक्षीच्या प्रत्येक घरानंतर सुईवर रंगीत दोऱ्याची एक कडी अडकवत जा. म्हणजे चूक दोनशे टाक्यांत नाही, वीस टाक्यांत शोधावी लागेल.

आणि दर दहा-बारा ओळींनी, सगळं मोजून बरोबर आहे अशी खात्री झाली की, एक गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेव. खुणेच्या कड्यांतून नाही हं, फक्त टाक्यांतून. पुढे काहीही बिघडलं तरी उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते. मी तो दोरा आजही घालते.

सुईवर असताना ‘शाल बोळ्यासारखी दिसते’ असंही तू लिहिलंस. ती तशीच दिसणार. जाळीची शाल धुऊन ताणल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवायचंच नाही. कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजव, पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब, आणि गादीवर चादर घालून कडेचं एकेक टोक ओढून टाचण्या लाव. लोकरीचा तंतू ओला असताना ताणला जातो आणि वाळताना तोच आकार धरतो. मी पहिली शाल स्वस्त म्हणून अ‍ॅक्रिलिकची केली होती. तीन महिने खपले, रात्रभर टाचून ठेवली, सकाळी टाचण्या काढल्या आणि ती हळूहळू पुन्हा आक्रसून गोळा झाली. मी जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिले. तू अ‍ॅबर्डीनमध्ये आहेस, शेटलंडची लोकर तुझ्या दाराशी आहे. लोकरीत पैसे वाचवू नकोस.

शेटलंडवरून आठवलं. तुझ्या अ‍ॅबर्डीनहून शेटलंडमधल्या लेरविकला रात्रीची बोट जाते. एक सुट्टी काढ आणि जा. लेरविकच्या संग्रहालयात आणि त्याहून उत्तरेला, अन्स्ट बेटावर, जुन्या शाली ठेवल्या आहेत. ढाक्याच्या मलमलीबद्दल आपल्याकडे जे सांगतात, तेच तिथे या शालींबद्दल सांगतात: पलंगावर अंथरता येईल एवढी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार निघते. त्यासाठी मेंढीच्या मानेवरची सर्वांत मऊ लोकर हाताने उपटून घेत आणि केसासारखी बारीक कातत. कमरेच्या चामडी पट्ट्याला भोकं असत. त्यात एका सुईचं टोक रोवून, पाठीवर जळणाची टोपली घेऊन, बायका चालता चालता विणत. नक्षी डोक्यात आणि नजर वाटेवर. तुझ्या आजीचीच जात ती!

तुझी शाल आणि तुझा मोजा यांचं नातंही तिथेच सापडेल. आर्थर अँडरसन हा लेरविकचा मुलगा. पुढे ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींनी आपली माणसं मुंबईहून विलायतेला गेली, तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याने १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम विणीचे पायमोजे भेट दिले, आणि तिथल्या विणकामाचं नाव दूरवर पोचलं. नाव झालं, पण विणणारीच्या हाती पैसा आला नाही. दुकानदार शालीच्या बदल्यात चहा आणि कापड द्यायचे, रोकड नाही. १८७२ मध्ये याची सरकारी चौकशी झाली. विणणाऱ्या बायकांनी त्यात दिलेल्या जबान्या छापलेल्या आहेत, त्या जरूर वाच. ऑफिसमधली मैत्रीण ‘लोकरीचे पैसे देते, मला एक शाल करून दे’ म्हणाली, असं तू लिहिलंस. प्रेमाने द्यायची असेल तर फुकट दे. विकायची असेल तर तासांचे पैसे घे. नुसत्या लोकरीच्या पैशांवर कधीही विणू नकोस.

चौथ्यांदा त्याच शालीचे टाके घालण्याआधी एक गोल शाल कर. विणकाम शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमनने दाखवलेली रीत तुझ्यासारख्या गणितात रमणाऱ्या मुलीला आवडेल. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, एवढ्यावर सगळं उभं आहे. ९ टाके घाल, एक फेरी विणून १८ कर. ३ फेऱ्या विणून ३६, ६ फेऱ्यांनी ७२, १२ फेऱ्यांनी १४४, २४ फेऱ्यांनी २८८, आणि ४८ फेऱ्यांनी ५७६. मधल्या साध्या फेऱ्यांत हवी ती जाळी बसव. टाके वाढवायच्या फेऱ्या इतक्या थोड्या आहेत की तुझी नजर कागदावरून उठून विणीवर येईल. मला तेवढंच हवं आहे.

आता मोजा. पाय घोट्यापर्यंत सुरेख आलाय, फोटोत दिसलं. बिघडलंय ते टाचेच्या बाजूला, जिथे भोकं पडली आहेत. ६४ टाक्यांपैकी निम्मे, म्हणजे ३२, घेऊन तू टाचेची पट्टी विणलीस. त्या पट्टीत प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा असतो. तसं केलं की ३२ ओळींत दोन्ही कडांना सोळा-सोळा लांब साखळ्या तयार होतात. तू पहिला टाका कधी विणलास, कधी उचललास, म्हणून साखळी तुटली. टाच वळवून १८ टाके राहिले की त्या साखळ्यांतून सोळा-सोळा उचलायचे. वरचे ३२ धरून एकूण ८२ होतात. मग एकाआड एक फेरीत दोन-दोन कमी करत नऊ वेळा गेलीस की पुन्हा ६४. हे आकडे पाठ करू नकोस. एकदा साध्या लोकरीची फक्त टाचच विण, आणि कडेची साखळी बोटाने मोज. कोपऱ्यात भोक राहील असं वाटलं तर तिथे एक टाका जास्त उचल आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर विणून टाक.

मोजा पायाच्या घेरापेक्षा थोडा लहानच हवा, साधारण दहावा हिस्सा. ताणून बसला तरच बुटात घडी पडत नाही. चवडा संपायला चार-पाच सेंटिमीटर उरले की बोटांकडचे टाके कमी करायला लाग. आणि दुसरा मोजा? पहिल्याचे टाके बंद केलेस की सुया खाली ठेवण्याआधी, त्याच बैठकीत, दुसऱ्याचे ६४ टाके घालून दोन बोटं रिब विण. सुईवर चढलेलं काम हाक मारतं, टोपलीतली लोकर मारत नाही. तुझी आजी चहासुद्धा त्यानंतर प्यायची.

तो एकटा मोजा उसवू नकोस. भोकं आहेत तशी राहू देत. त्याची टाच उलटी करून खिडकीजवळच्या उजेडात जवळून फोटो काढ आणि पाठव. सोबत कागदावर लिही: कुठली साखळी कुठल्या ओळीला तुटली. मी फोटोवरून माझं उत्तर आधीच लिहून पाकिटात घालून ठेवते. तुझं आणि माझं जुळतं का ते बघू.

थंडी वाढली असेल. पायात तोच एक मोजा घालून बसू नकोस.

तुझी,
मावशी